किसनची टाच आणि दादारावांचा चार्जर

माझ्या दवाखान्यात, पुरुषांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या खाटेजवळ, भिंतीवर एक पाटी होती. ‘या प्लगला जो हात लावील त्याचा हात मोडला जाईल, आणि तो या दवाखान्यात बसवून मिळणार नाही.’ अक्षर माझंच. हाडांच्या डॉक्टरीणबाईंना हे शोभत नाही, असं मला बऱ्याच भल्या माणसांनी समजावलं. दवाखाना बंद केला तेव्हा मी खाटा विकल्या, एक्स-रेचं मशीन विकलं, पाटी मात्र घरी आणली. संपादकांनी ‘व्यवसायातला एखादा गमतीदार अनुभव लिहा’ म्हणून फोन केला, तेव्हा समोर ती पाटीच होती. गंमत कितपत आहे ते वाचणाऱ्यानं ठरवावं. माझं तर अजून डोकं तापतं.

जालन्यात मी दवाखाना टाकला तेव्हा पेशंट आत येऊन माझ्या खांद्यावरून मागं बघायचे आणि विचारायचे, ‘डॉक्टर कुठं गेल्ते?’ मीच डॉक्टर म्हटलं की म्हणायचे, ‘तुमी बाळंतपणाच्या. हाडाचे कुठंयत?’ हाडं बसवायला ताकद लागते आणि ती बाईत नसते, असा सगळ्यांचा समज. माझा आवाज ऐकला की तो समज जायचा. पुढं पुढं तर आई पोरांना माझ्या नावानं गप्प बसवायच्या.

माणसं हृदयावर कविता करतात, गुडघ्यांबद्दल लग्नाच्या पंगतीत बोलतात. टाचेबद्दल कोणी बोलत नाही. उंचावरून पडणारा माणूस बहुतेक वेळा पायांवर पडतो आणि सगळा भार टाचेवर येतो. टाचेचं हाड बाहेरून पातळ कवचाचं आणि आतून जाळी पडलेल्या अनारशासारखं असतं. ते मोडत नाही, चेपतं. कधी कधी त्याचा एक अणकुचीदार तुकडा आतल्या बाजूनं, घोट्याच्या खाली, कातडी फाडून बाहेर येतो. मग त्या हाडाला माती लागते, हवा लागते. त्याला आम्ही उघडं फ्रॅक्चर म्हणतो. तिथली कातडी इतकी ताणलेली असते की सुजलेल्या पायावर ती ओढून शिवता येत नाही. खाली मांस नाही, वर सैल कातडी नाही. जखम उघडीच ठेवावी लागते, आणि उघडी ठेवली की हाड सडायला टपलेलं असतं.

त्यात आमच्याकडचे उपचार. हळद तर असतेच. पण ट्रॅक्टरचं काळं ऑइल, तंबाखू, चुन्याचा लेप हेसुद्धा मी जखमांमधून खरवडून काढलेलं आहे. खरवडताना माझं तोंड चालू असायचं. सिस्टर मंगल, जी माझ्याबरोबर शेवटपर्यंत होती, ती म्हणायची, ‘मॅडम, भूल दिलेली आहे, त्याला ऐकू येत नाहीये.’ मी म्हणायची, ‘म्हणूनच बोलतेय.’

आणि पडतं कोण? विहिरीच्या कामावर यारीच्या, म्हणजे माती उपसायच्या क्रेनच्या, पाटीतून उतरणारा, स्लॅबच्या सेंट्रिंगवर उभा राहणारा, डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी बाई. यातला एकही जण हौसेनं उंचावर चढलेला नसतो. दुसऱ्या कोणाचं तरी काम करायला चढलेला असतो, कमरेला पट्टा नसतो, आणि पडला की ज्याचं काम होतं तो म्हणतो, ‘त्यानं जरा बघून चढायला पाहिजे होतं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी सुरुवात केली की पुढचं मीच म्हणून टाकते.

पूर्वी अशा टाचांना आम्ही दिवसातून दोनदा ओल्या पट्ट्या बदलत बसायचो. पट्टी निघताना पेशंट ओरडायचा, आणि पुष्कळदा इतकं सोसूनही पाय गुडघ्याखाली कापावा लागायचा. त्या पायांचं मला आजही वाईट वाटतं. मग दोन हजार सालानंतर कधीतरी औरंगाबादच्या एका परिषदेत मी व्हॅक्यूम ड्रेसिंग पाहिलं. कल्पना अगदी साधी. जखमेच्या मापाचा स्पंज कापायचा, जखमेत बसवायचा, त्यात एक नळी ठेवायची, वरून पारदर्शक चिकट कागद हवाबंद लावायचा आणि नळी ओढणाऱ्या मशीनला जोडायची. मशीन आतली घाण, पाणी, सूज हळूहळू ओढून घेतं. स्पंज आक्रसून कडक होतो, जखमेच्या कडा जवळ येतात आणि तळाशी नवं लाल मांस धरायला लागतं. तीन-चार दिवसांनी स्पंज बदलायचा. कंपनीचं मशीन माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी गादीवाल्याकडून स्पंज आणून तो वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायची आणि ऑपरेशन थिएटरातलं जुनं सक्शन मशीन कमी जोरावर चालवायची. मशीन दिवसभर घुरघुरायचं. पण चालायचं, आणि त्यानं पाय वाचायला लागले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

फक्त दोन अटी. हवा आत शिरता कामा नये, आणि मशीन थांबता कामा नये. थांबलं तर तोच स्पंज घाण धरून बसतो आणि वर कागद असल्यामुळे ती बाहेरही पडत नाही. मग ड्रेसिंग न केलेलं बरं. आणि हे कुठं, तर आमच्या जिल्ह्यात, भारनियमनाच्या काळात, जेव्हा वीज येते कधी यापेक्षा जाते कधी हे विचारणं सोपं होतं. मी इन्व्हर्टर घेतला, मग जनरेटर घेतला, आणि त्या दोघांनाही शिव्या द्यायला शिकले.

अशा दिवसांत अंबडकडच्या एका गावातून किसनला आणलं. गावाचं नाव सांगत नाही. जीप भरून माणसं आली होती. सगळ्यांच्या पुढं दादाराव. गावात त्यांचं वजन, पांढरे कपडे, खिशात मोबाईल. किसन मागच्या सीटवर आडवा, पाय धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, डोकं त्याच्या बायकोच्या, सुमनच्या, मांडीवर.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘लिंबाच्या झाडावरून पडल्ता, म्याडम,’ दादाराव म्हणाले. ‘शेळ्यांसाठी पाला काढून राह्यल्ता.’

‘हो, हो, लिंबाच्या,’ मागून दोघं-तिघं म्हणाले. जरा जास्तच एका सुरात म्हणाले.

फडकं सोडलं. उजवी टाच आतल्या बाजूनं उघडी, हाड दिसत होतं, त्यात खडी आणि माती. मंगल विजार कापायला लागली तर खिशातून काहीतरी जड फरशीवर पडलं. पक्कड होती. लाल रबराच्या मुठीची. मी किसनचा उजवा तळहात उलटा केला. मधोमध काळा, खोलगट, भाजल्याचा डाग.

‘दादाराव,’ मी म्हटलं, ‘तुमच्या गावात शेळ्यांचा पाला पक्कडीनं तोडतात का?’

दादारावांनी घसा खाकरला आणि मला दाराशी बोलावलं.

‘म्याडम, तुमी समजून घ्या. किसन आमचा झिरो वायरमन हाय.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी वायरमनकडे गावं खूप. त्याचं वय झालेलं, खांबावर चढायचा कंटाळा. मग प्रत्येक गावात एक धीट गडी असतो. फ्यूज गेला, तार तुटली, डीपीत बिघाड झाला की तो चढतो. डीपी म्हणजे शेताच्या बांधावरचा तो ट्रान्सफॉर्मर. या माणसाला पगार नाही, पट्टा नाही, हातमोजे नाहीत. सुगीत गाव त्याला धान्य देतं. ऑफिसच्या हिशेबी तो नसतोच, म्हणून झिरो. त्या दिवशी किसन लाईन बंद करायला सांगून वर चढला होता, आणि तो वर असतानाच कोणीतरी ती सुरू केली. झटक्यानं तो फेकला गेला आणि खालच्या दगडांवर टाचांनी उतरला.

‘खरं लिवलं तर केस व्हईल,’ दादाराव म्हणाले. ‘वायरमन सस्पेंड व्हईल. मंग गावाला लाईट कोन देईल? पिकं वाळत्यात म्याडम.’

मी त्यांना काय बोलले ते इथं छापता येणार नाही. छापता येईल तेवढं असं, की विजेचा झटका बसलेल्या माणसाचं हृदय तपासावं लागतं, लघवीच्या रंगावर नजर ठेवावी लागते, नाहीतर टाच वाचायची आणि माणूस जायचा. पक्कड पडली नसती आणि मी झाडावर विश्वास ठेवला असता तर? दादारावांना हे खरंच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. पण जबानी बदलली नाही. मी किसनलाच विचारलं. वेदनेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, ‘लिंबावरूनच, म्याडम.’ अर्धमेला माणूस आणि ज्यांनी त्याला वर चढवला त्यांनाच सांभाळत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

केसपेपरवर पेशंट सांगेल ते लिहावं लागतं. मी कडुलिंबाचं झाड लिहिलं आणि खाली हातावरच्या डागाचं सविस्तर वर्णन लिहिलं.

हृदय ठीक निघालं. टाच सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतून धुतली, मेलेलं काढलं, हाडाला जमेल तेवढा आकार देऊन तारांनी धरलं आणि स्पंज बसवला. दुसऱ्यांदा ड्रेसिंग उघडलं तेव्हा तळाशी लाल मांस धरायला लागलं होतं. मंगलसुद्धा हसली, आणि ती सहसा हसत नाही. अजून आठवडाभर असंच चाललं तर मांडीची कातडी काढून लावता येईल, असं मी सुमनला सांगितलं. तिनं मशीनला हात जोडले. मी म्हटलं, मला जोडा, मशीन जुनं आहे.

आणि मग भेटायला येणारे सुरू झाले.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे काम आहे, आणि ते गटानं करायचं असतं. संध्याकाळी जीप यायची. खाटेवर चौघं, खाली सहा. मी दारातून ऐकायची. ‘कसंय?’ हा प्रश्न एकदा. मग, ‘किसन, डीपीवरचा तिसरा फ्यूज घातला तरी उडून राह्यलाय, काय करावं?’ दुसरा विचारायचा, ‘कधी येतो तू? मोटारी बंद हायेत.’ आणि पडल्या जागेवरून, पाय उशीवर टाकून, किसन समजावून सांगायचा, कुठली तार कुठं. एकदा सरकारी वायरमनही केळी घेऊन आले. मी विचारलं, ‘हा तुमचा माणूस ना?’ तर म्हणाले, ‘न्हाई न्हाई, फकस्त ओळख हाय.’ केळी मी परत दिली. किसनला वाईट वाटलं. वाटू दे, म्हटलं.

एके दिवशी सकाळी राउंडला गेले तर खोलीत शांतता. दारातच वास आला. हा वास एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही. मी कागदावरून स्पंज चाचपला. कडक असायला हवा होता, तो फुगून मऊ झाला होता, आणि खाली हिरवट पाणी साठलं होतं. मशीनची वायर जमिनीवर पडली होती. प्लगमध्ये दुसरंच काहीतरी खोचलेलं होतं. मोबाईलचा चार्जर.

‘मशीन कधी बंद झालं?’ माझा आवाज गल्लीत गेला असणार.

सुमन उभी राहिली. ‘सांच्याला, गावची मानसं येऊन गेली तवा. आवाज थांबला तर मला वाटलं, तुमीच आराम दिला म्हनून. ह्यांना झोप लागली, म्याडम. लई दिसांनी लागली.’

रात्रीच्या सिस्टरला तरी काय म्हणणार? भारनियमनात मशीन गप्प होणं रोजचंच होतं. कंपनीचं मशीन बंद पडलं की शिट्टी मारतं. माझं फक्त गप्प बसायचं.

मी ड्रेसिंग उघडायला घेतलं आणि तेवढ्यात दारात पांढरे कपडे दिसले. ‘म्याडम,’ दादाराव आत डोकावले, ‘काल माझा चार्जर र्‍हायला का हितं?’

मी त्यांच्या मनगटाला धरलं. खरंच धरलं. खाटेजवळ नेलं आणि किसनच्या पायाकडे त्यांची मान वळवली. ‘बघा. नीट बघा. वास घ्या. हा तुमचा चार्जर.’

दादारावांनी टोपी काढून तोंडावर धरली. मग म्हणाले, ‘मला काय ठावं म्याडम. वायर दिसली, काढली. गावात तीन दिवस झाले लाईट न्हाई. मोबाईल मेल्ता. डीपी बंद हाय.’

‘का बंद आहे?’

‘किसन न्हाई ना गावात,’ दादाराव म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच थांबले.

मी त्यांचा चार्जर भिंतीतून उपटला आणि खिडकीतून बाहेर फेकला. तो समोरच्या पानवाल्याच्या छपरावर पडला. बहुधा अजून तिथंच असेल.

औरंगाबादहून अधूनमधून एक प्लास्टिक सर्जन माझ्याकडे यायचे. सज्जन माणूस, हात चांगला. त्यांनी पाय पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, हट्ट सोडा. हाडात पू गेला तर वर चढेल. गुडघ्याखाली कापा, कृत्रिम पाय बसेल, चालेल तो.’ ते चुकीचं बोलत नव्हते, त्याचाच मला जास्त राग आला. कापायचा तर तो पाय नीट होत आलेला असताना, एका मोबाईलपायी? मी सुमनला सगळं खरं सांगितलं. पुन्हा धुऊन बघता येईल, वाचेल याची खात्री नाही, आणि उशीर झाला तर जीवाला धोका.

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘ऑफिस म्हनतं, आमचा मानूस न्हाई. गाव म्हनतं, झाडावरून पडला. मंग ह्यांचं हाय काय, म्याडम? पाय तरी ह्यांचा ऱ्हाऊ द्या.’

मी त्याच दुपारी पाय पुन्हा धुतला. दोन दिवसांनी परत धुतला. एकेक मेलेला कण काढला, ताप बघत राहिले, आणि ताप आणखी जरा जरी चढला तर कापायचं, असं स्वतःला बजावून ठेवलं. नवा स्पंज, नवा कागद. पाटी त्याच दिवशी लिहिली. सुमननं खाटेजवळचं स्टूल ओढून प्लगपाशी नेलं आणि त्यावर ठाण मांडलं. जेवायची तिथंच, डुलकी घ्यायची तिथंच, पाठ प्लगला लावून. वीज गेली की ती ओरडायची, ‘म्याडम, गेली!’ आणि मंगल जनरेटरकडे पळायची. गावची माणसं आली तर त्यांना दारातूनच वाटेला लावायची. डीपीचं कोणी नाव काढलं तर तिच्या तोंडून जे निघायचं ते ऐकून मलासुद्धा शिकायला मिळालं.

ताप उतरला. वास गेला. एका सकाळी स्पंज काढला तर खाली हाड दिसेना, लालभडक मांसानं ते झाकून टाकलं होतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. टाचा वाचवणाऱ्यालाच कळेल आणि तसे फार नाहीत. मांडीची कातडी लावली, ती धरली. किसन कुबड्यांवर उभा राहिला, मग काठीवर, मग तसाच. टाच रुंद झाली, पाऊल आडवं वळेना, ढेकळांतून चालताना दुखायचं. जाताना मी बजावलं, ‘खांब बंद. कायमचा.’

‘न्हाई चढत,’ तो म्हणाला. खाली मान घालून म्हणाला. त्यानं पिठाची गिरणी चालवायला घेतली असं पुढं कळलं. माझ्या मनात मात्र ती झाडाची गोष्ट खुपत राहिली. माणूस खांबावरून पडला आणि जगाच्या लेखी शेळ्यांना पाला काढताना पडला. हा राग कोणावर काढायचा हेही कळत नव्हतं, म्हणून मी तो दिसेल त्याच्यावर काढायची.

दुसऱ्या वर्षी, रब्बीच्या दिवसांत, परत तीच जीप दारात लागली. दादाराव पुढं. मागच्या सीटवर एक दणकट गडी, दोन लेकरांचा बाप, दोन्ही पाय गोणपाटात गुंडाळलेले. किसननं खांब सोडल्यावर गावानं दुसरा झिरो शोधला होता. मी गोणपाट सोडलं. डावी टाच आतल्या बाजूनं उघडी. मी त्याचा तळहात उलटा केलाच नाही. गरज नव्हती.

‘काय झालं?’ मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

‘लिंबाच्या झाडावरून,’ दादाराव म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, हे मी कबूल करते. ‘शेळ्यांसाठी...’

मी पेन टेबलावर आपटायला उचललं, तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरकली. किसन लंगडत पुढं आला. जीपमध्ये तोही होता, मी पाहिलंच नव्हतं. अंगावर पिठाची धूळ, गिरणी तशीच टाकून आलेला.

‘खांबावरून पडला, म्याडम,’ तो म्हणाला. ‘डीपीच्या. लिवा.’

‘किसन,’ दादाराव हलक्या आवाजात म्हणाले.

‘लिवा, म्याडम. करंट लागलाय त्याला, अगोदर छाती तपासा. आन् मी बी खांबावरूनच पडल्तो. ते बी लिवा.’

मी लिहिलं. दोन्ही लिहिलं.

रात्र व्हायच्या आत टाच धुऊन झाली, स्पंज बसला, पेशंट कोपऱ्यातल्या खाटेवर आला आणि जुनं मशीन घुरघुरायला लागलं. माणसं आत येऊन पायाशी उभी राहिली. किसननं ओळखीचं स्टूल शोधलं, प्लगपाशी ओढलं आणि पाठ भिंतीला लावून बसला. रुंद झालेली टाच समोर लांब केली. मग वर पाहिलं.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘मोबाईल खिशात ठिवा.’